कड्यावरची पिवळी खूण

बस चालवणारी ती मुलगी गणवेशातच आली होती. खोलीत शिरल्यावर बसायचं सोडून ती दारालाच पाठ टेकून उभी राहिली.

"माझ्या बाबांना चौकीवर बसवून ठेवलंय. माणूस मारायला निघाले म्हणतात. माझे बाबा! ज्यांनी आयुष्यभर माणसांना वाट दाखवली, ते!"

भावजींनी पटकन खुर्ची पुढे सरकवली. तशी त्यांना बरीच हालचाल लागायची. चष्म्याचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून आणि बायको गेल्यापासून त्यांचे हात रिकामे राहत नव्हते. काही नसलं तर स्वतःचाच चष्मा काढायचे, पुसायचे, परत लावायचे. थंडीत चार दिवस डोंगरात फिरून या, असं सगळ्यांनी सांगितलं आणि मोठ्या मेव्हणीने, म्हणजे ताईंनी, त्यांना अक्षरशः ओढून आणलं. इथली थंडी बोचरी नव्हती. दुपारी नुसत्या स्वेटरवर भागायचं, डोंगर हिरवा होता, म्हणून हिवाळ्यातच माणसं येत. पण वारा थांबायचं नाव घेत नव्हता. खिडकीची कडी रात्रंदिवस खडखडत होती आणि भावजींना वाटत होतं, ती आपल्या डोक्यातच खडखडतेय.

ताई मात्र खिडकीला पाठ करून शांत बसल्या होत्या. फसवणुकीचे, बेपत्ता माणसांचे तपास करण्यात त्यांची हयात गेली होती, आणि येताना बसमध्ये भावजींनी ते या मुलीला सांगितलं होतं. "पाणी पी," त्या म्हणाल्या. "आणि पहिल्यापासून सांग. कोण पडलं?"

"पक्षीवाल्या बाई."

भावजींना त्या आठवल्या. गळ्यात दुर्बीण, लाल जाकीट. बसमध्ये ओळख नसताना त्यांनी भावजींना संत्र्याच्या फोडी दिल्या होत्या. दर हिवाळ्यात येणाऱ्या, खालच्या लॉजवर उतरणाऱ्या. यंदा भाचाही आला होता, मागून स्वतःच्या गाडीने. लहानपणी आईबाप गेले तेव्हापासून त्यांनीच वाढवलेला.

डोंगराला वळसा घालणारी एक गोल वाट होती. लॉजवरून निघायचं, समुद्राच्या कडेकडेने वर चढायचं आणि जंगलातून उतरून परत लॉजवर यायचं. कड्याच्या टोकाला एक जुनी वाट फुटायची. ती दरडीत कधीच ढासळली होती आणि वाटाड्याने, म्हणजे या मुलीच्या बाबांनी, काटेरी फांद्या टाकून ती बंद केली होती. काल पाहिलं तर कुणीतरी फांद्या बाजूला सारल्या होत्या आणि तिथल्या मोठ्या दगडावर पिवळा बाण काढला होता. थेट त्या ढासळलेल्या वाटेकडे.

"खाली होडीत मासे धरणाऱ्या माणसाला लाल जाकीट दिसलं," मुलगी म्हणाली. "कपारीत अडकल्या म्हणून वाचल्या. जंगलाची बाजू जवळची, तिकडून स्ट्रेचर नेलं. बाण त्याच माणसांनी पाहिला. अजून शुद्धीवर नाहीत."

"बाई इतकी वर्षं येतात. वाट बंद आहे हे त्यांना माहीत नव्हतं?" भावजींनी विचारलं.

"दरड सरकली की बाबा वाट बदलतात. कधी डावीकडून, कधी उजवीकडून. लोक बाबांच्या खुणेवर डोळे मिटून चालतात." तिचा आवाज फाटला. "म्हणून तर! पण तो बाण बाबांचा नाही. ते उन्हाळ्यात, दगड तापल्यावर रंगवतात. हिवाळ्यात ब्रशला हात लावत नाहीत."

"रंगाचा डबा कुठे असतो?"

"लॉजच्या मागच्या शेडमध्ये. कुलूप नाही."

ताई उठल्या, शाल खांद्यावर घेतली. "आधी दवाखाना."

दवाखाना लहान होता. अतिदक्षता खोलीबाहेरच्या बाकावर भाचा बसला होता. तरतरीत, तिशीतला, दाढी वाढलेला. ताईंना पाहून तो उठला.

"तुम्ही त्या वाटाड्याच्या बाजूने आलात का? माझा राग नाही त्याच्यावर. म्हातारा माणूस, चुकला असेल. मला फक्त मावशीला इथून हलवायचंय. उद्या सकाळी अँब्युलन्स येतेय, आमच्या शहरात नेतो."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"थांबा म्हणतात. पण इथे कसल्या सोयी आहेत?" त्याने चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. बाही मागे सरली आणि भावजींना त्याच्या मनगटावर बारीक गोल व्रण दिसले. वरच्या बाजूला ओळीने तीन, खालच्या बाजूला एकटा चौथा. काट्यात हात घातला असेल बिचाऱ्याने, असं त्यांना वाटलं.

"काल तुम्ही सोबत नव्हता?"

"डोकं दुखत होतं, खोलीतच पडून होतो. गेलो असतो तर!" तो बाकावर बसला. "नुसती झऱ्यापर्यंत पोचली असती तरी निभावलं असतं हो. तिथे चार माणसं विसाव्याला बसलेली असतात. कुणीतरी लगेच शोधायला निघालं असतं."

भावजींचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

नर्सने बाईंच्या कपड्यांची पिशवी दाखवली. ताईंनी बूट उचलले, उलटे केले, तळव्यांच्या खाचांत बोट फिरवलं. काळी माती, कुजका पाला, सुरूच्या सुया. मोज्यांना चिकटलेली कुसळं. मग त्यांनी बूट उपडे धरून टाचेवर थापटी मारली. काहीच पडलं नाही.

निघताना त्या नर्सच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. नर्सचा चेहरा गंभीर झाला आणि तिने आपली खुर्ची उचलून बाईंच्या पलंगाशीच नेऊन ठेवली.

"काय सांगितलंत तिला?" बाहेर आल्यावर भावजींनी विचारलं.

"पेशंटला एकटं सोडू नकोस म्हटलं. नातेवाईक असला तरी."

भावजींनी वळून दवाखान्याच्या दाराकडे पाहिलं. पण ताई पुढे गेल्या होत्या.

लॉजच्या मालकीणबाई स्वयंपाकघरात चादरींच्या घड्या घालत होत्या. हात थांबत नव्हते आणि तोंडही.

"लपवून काय करू? मला त्यांचा राग होता. कड्यावर ससाण्यांची जोडी बसते, अंडी घालायच्या मोसमात वाट बंद करा म्हणून त्या वरपर्यंत अर्ज करणार होत्या. हिवाळ्यात वाट बंद झाली तर मी खाऊ काय? पण म्हणून मी बाईमाणसाला कड्यावरून लोटीन होय? दहा वर्षं त्यांना डबा भरून देतेय मी!"

"काल डबा कधी नेला?"

"उजाडताच. सगळ्यांच्या आधी निघाल्या. कुठे विचारायचा प्रश्नच नव्हता. सगळे समुद्राकडूनच जातात. जंगलाकडून सुरुवात केली तर पहिल्याच टप्प्याला उभा चढ लागतो आणि नंतर तोंडावर वारा. तसं कोणी जात नाही."

"आदल्या संध्याकाळी?"

मालकीणबाईंनी चादर झटकली. "आदल्या संध्याकाळी तमाशाच झाला. म्हणजे भांडण नाही, उलट. त्यांनी कप्तानांची माफी मागितली. चहाच्या वेळी, ओसरीवर. कप्तानांना ऐकू कमी येतं, त्यामुळे माफीसुद्धा ओरडून मागावी लागली. अख्ख्या लॉजने ऐकली."

"त्यानंतर कोणी बाहेर गेलं?"

"कप्तान खोलीत गेले. भाचेसाहेब फोनला रेंज मिळत नाही म्हणून फिरायला गेले, जेवणाला उशिरा आले. मी शेगडीशी होते, कुठल्या बाजूने आले ते पाहिलं नाही."

कप्तान म्हणजे निवृत्त जहाजी. उंच, ताठ, रागीट. ओसरीवर दुर्बिणीची काच पुसत बसले होते. त्या काचेकडे बघून भावजींचे हात शिवशिवले. कपडा चुकीचा होता.

"हो, भांडलो होतो!" ते गरजले. "गेली दोन वर्षं कड्यावरच्या घरट्यांतून ससाण्यांची पिल्लं नाहीशी होताहेत. घरटी फक्त तिला आणि मला माहीत. तिने चारचौघांत मला चोर म्हटलं. परवा तिला कळलं, गेल्या वर्षी अख्खा मोसम मी पाय प्लास्टरमध्ये घालून पडून होतो. मग आली माफी मागायला."

"काय म्हणाल्या?" ताईंना ओरडावं लागलं.

"म्हणाली, चूक माझी. मी दुर्बीण लावून लांब बघत बसले." कप्तानांनी खांदे उडवले. "मी विचारलं, म्हणजे काय? तर डोळ्यांत पाणी. उठून गेली."

"काल सकाळी तुम्ही फिरायला गेला होता?"

"समुद्राच्या बाजूने. ती पुढे गेलीय असं मालकीणबाईंनी सांगितलं होतं, पण ती कुठे दिसली नाही. कड्याच्या टोकावरून वळून जंगलातून उतरलो. वाटेत चिटपाखरू भेटलं नाही."

"दगडावरचा बाण?"

कप्तानांचा चेहरा लाल झाला. "बाण नव्हता! पोलिसांनाही तेच सांगितलं. मी त्या दगडाला हात लावून पुढे गेलो. बाण असता तर दिसला नसता? माझे कान गेलेत, डोळे नाहीत!"

बाहेर पडल्यावर भावजी म्हणाले, "हा खोटं बोलतोय, ताई. रंग सकाळी तिथे होताच, त्याशिवाय बाई पडल्या कशा?"

"चला, बघूया," ताई म्हणाल्या. "तो गेला त्याच बाजूने जाऊ."

दुपारचं ऊन कोवळं होतं. वाट खरोखर देखणी होती. खाली निळंशार पाणी, कडेला पिवळी फुलं लगडलेली झुडपं, हवेत खारट वास. दुसऱ्या कुठल्या दिवशी भावजी हरखून गेले असते. आज पायांत नुसती घाई होती. उद्याची अँब्युलन्स डोळ्यांसमोरून हलत नव्हती, आणि तिची एवढी धास्ती आपल्याला का वाटतेय, हेही कळत नव्हतं.

वाट थोडा वेळ खाली पुळणीवर उतरली. ओल्या वाळूत पाय रुतले, बुटांत वाळू गेली. पुळण संपताच झरा लागला. दगडी कुंडाशी दोघंतिघं पाय सोडून बसले होते. भावजींनी बाटली भरून घेतली, बूट काढून झटकले, तरी वाळू सगळी निघेना. मग चढ लागला. लांबलचक, दमवणारा. कड्याच्या टोकावर पोचेपर्यंत त्यांची छाती भात्यासारखी चालायला लागली.

दगड माणसाच्या उंचीचा होता. भावजींनी तो नीट पाहिला. कोरा. शेवाळ, भेगा, बाकी काही नाही.

"पुसला की काय कोणी?" म्हणत ते पुढे गेले. तेवढ्यात वाऱ्याने त्यांचा मफलर उडवला. तो धरायला ते गर्रकन वळले आणि जागच्या जागी थांबले.

दगडाच्या मागच्या अंगावर भलामोठा पिवळा बाण होता.

"ताई! हा बघा!"

ताई आधीच तिथे वाकल्या होत्या. ते अंग सावलीत होतं, दगड घामेजल्यासारखा ओला. भावजींनी बाणाला अंगठा लावला तर रंगाची साल पोपडा निघावा तशी सुटून हातात आली. दगडाच्या मागून जुनी वाट झुडपांत शिरत होती आणि दहा पावलांवर तिच्याखाली जमीनच नव्हती. भावजी पटकन मागे सरले.

"इतकं ढळढळीत दिसतंय आणि मला येताना दिसलं नाही," ते ओशाळून म्हणाले. "म्हातारपण, दुसरं काय."

"म्हातारपण नाही, भावजी." ताई किती तरी वेळात पहिल्यांदा हसल्या. "चला, जंगलातून उतरू. ही बाजू लवकर संपते. आणि इन्स्पेक्टरना फोन लावा. सगळ्यांना दवाखान्यात बोलवायला सांगा. भाचेसाहेबांच्या गाडीची डिकीही उघडून बघायला सांगा."

संध्याकाळी दवाखान्याच्या छोट्या खोलीत सगळे जमले. मालकीणबाई, कप्तान, बसवाली मुलगी, आणि इन्स्पेक्टरसोबत तिचे बाबा. वाटाड्यांनी मान वर केली नाही. हातांत हात गुंफून ते कोपऱ्यात बसून राहिले. भाचा भिंतीला टेकून उभा होता, पाय सारखा हलवत.

"मॅडम, लवकर आटपा," इन्स्पेक्टर म्हणाले. "मला एकच सांगा. कप्तान म्हणतात बाण नव्हता. स्ट्रेचरवाले म्हणतात होता. कोण खोटं बोलतंय?"

"कोणीच नाही," ताई म्हणाल्या. "बाण दगडाच्या जंगलाकडच्या अंगावर आहे. समुद्राकडून येणाऱ्याला तो दिसतच नाही. कप्तानांना दिसला नाही. आमच्या भावजींना दिसला नाही, मफलर उडाला म्हणून वळले तेव्हा दिसला. स्ट्रेचरवाले जंगलाकडून आले, त्यांना लगेच दिसला."

कप्तानांनी कानामागे हात धरला होता. त्यांनी मांडीवर जोरात थाप मारली.

"मग बाईंना कसा दिसला?" भावजींच्या तोंडून निघून गेलं.

"कारण त्या उलट्या गेल्या होत्या. जंगलाकडून. त्यांच्या बुटांत वाळूचा कण नाही. तुम्ही झटकून झटकून दमलात, तरी तुमच्या बुटांत अजून आहे. पुळण ओलांडल्याशिवाय समुद्राकडून वर जाता येत नाही. त्यांच्या तळव्यांत होती ती जंगलातली माती आणि सुरूच्या सुया. इथे सुरूची झाडं फक्त जंगलाच्या बाजूला आहेत."

बाहेर वारा काचांवर आपटत होता.

"आता बघा. ज्याने बाण काढला त्याने तो मुद्दाम अशा अंगावर काढला, की नेहमीच्या वाटेने येणाऱ्या कोणालाही दिसू नये. म्हणजे सापळा एकाच माणसासाठी होता, आणि तो माणूस उद्या उलटा येणार हे सापळा लावणाऱ्याला माहीत होतं. वाटाडेबुवांनी रंगवलं असतं तर ओल्या दगडावर रंगवलं नसतं. रंग धरत नाही, सोलून निघतो. हे त्यांना झोपेतही कळतं. मालकीणबाई आणि कप्तान दोघांनाही अगदी आत्तापर्यंत वाटत होतं, की बाई समुद्राकडून गेल्या."

"तसं सगळ्यांनाच वाटत होतं," भाचा म्हणाला. "मलाही."

"तुम्हाला नाही." ताई त्याच्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "तुम्ही म्हणालात, झऱ्यापर्यंत पोचली असती तर निभावलं असतं. समुद्राकडून गेलं तर झरा आधी लागतो आणि कडा नंतर. त्या वाटेने कड्यावरून पडलेलं माणूस झरा केव्हाच मागे टाकून आलेलं असतं. झऱ्याच्या अलीकडे पडेल तो फक्त जंगलाकडून येणारा."

भावजींनी चष्मा काढला. तेच वाक्य ऐकून त्यांनी तो पुसला होता.

"बोलताना चुकलो असेन," भाचा म्हणाला. पाय हलायचा थांबला होता. "टेन्शनमध्ये माणूस काहीही बोलतो. आणि मी कशाला करीन? आई आहे ती माझी!"

"मनगट दाखवा."

त्याने हात पाठीमागे घेतला.

"वर तीन, खाली एक," ताई म्हणाल्या. "काटे असे ओळीत टोचत नाहीत. शिकारी पक्ष्याचा पंजा असा बसतो. पिल्लं कोण नेतंय हे बाईंना दोन वर्षं कळलं नाही. घरटी माहीत असलेला दुसरा माणूस एकच, म्हणून त्यांनी कप्तानांना धरलं. पण कप्तान तर पाय बांधून पडलेले. मग उरलं कोण? ज्याला त्या घरी बसून, जेवता जेवता सगळं कौतुकाने सांगायच्या तो. 'मी लांब बघत बसले,' असं त्या म्हणाल्या. जवळ बघायचं राहून गेलं, असा त्याचा अर्थ. ते त्यांना ओसरीवर ओरडून सांगावं लागलं आणि तुम्ही ऐकलंत. मग रेंज शोधायला गेलात."

"डिकीत दोर मिळालाय," इन्स्पेक्टर सावकाश म्हणाले. "कडे उतरायचा. आणि पिल्लं ऊबेत ठेवायची पेटी. चोरून विकलं की ससाण्याच्या एका पिल्लाचे भरपूर पैसे मिळतात."

"त्यांना उलटं कसं पाठवलंत, तेवढं मला नक्की सांगता येणार नाही," ताई म्हणाल्या. "अंदाज आहे."

भाच्याने डोळे मिटले. वाटाड्याची मुलगी पुढे झाली, पण बापाने तिचा हात धरून ठेवला.

"ती रात्री माझ्या खोलीत आली," शेवटी तो म्हणाला. "वाटलं, विचारेल. शिव्या घालेल. तिने काही विचारलं नाही. नुसती केसांतून हात फिरवत बसली आणि म्हणाली, उद्या आपण दोघं बोलू. मी बाण काढून आलो होतो तेव्हा. मी म्हटलं, मावशी, सकाळी जंगलाकडून जा, कड्यावर तुला निवांत मिळेल. मी मागून येतो, तिथेच बोलू." त्याचा आवाज चिरकला. "तिने विश्वास ठेवला. सकाळी दारात येऊन म्हणाली, लवकर ये रे."

मालकीणबाईंनी तोंडाला पदर लावला. इन्स्पेक्टरनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो मुकाट्याने चालू लागला. वाटाडे मात्र उठले नाहीत. मुलगी त्यांच्या पायाशी बसून रडत होती आणि ते तिच्या टोपीवर थोपटत होते, जणू तीच सुटून आली होती.

बाई शुद्धीवर आल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारी. डॉक्टरांनी दोन-तीन जणांनाच आत सोडलं. इन्स्पेक्टर जबाब घ्यायला आले होते, पण पलंगाशी उभे राहिल्यावर त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी स्टूल ओढलं आणि जे घडलं ते काही न लपवता सांगितलं.

बाई छताकडे बघत होत्या. ऐकून झाल्यावरही तशाच पडून राहिल्या. भावजींना उभं राहवेना, बसवेना. त्यांनी पाण्याचा पेला भरला, ठेवला, परत उचलला. या आता एक शब्द बोलल्या, पाय घसरला माझा, तर संपलं, त्यांच्या मनात येत होतं. आणि कुठली आई तो शब्द बोलणार नाही?

"बाई," इन्स्पेक्टर हळूच म्हणाले, "त्याचा नुसता कबुलीजबाब पुरत नाही... म्हणजे, तुम्ही काय म्हणाल ते महत्त्वाचं आहे."

बाईंनी ओठ ओले केले. भावजींनी पेला पुढे केला. त्यांनी एक घोट घेतला.

"तो बाण दुसऱ्या कुणाला दिसला असता तर?" त्यांनी विचारलं.

इन्स्पेक्टरनी वही उघडली.

"लिहा," बाई म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं, ते पुसायला हात उचलवत नव्हता. "सगळं लिहा. त्याने सांगितलं म्हणून मी तिकडून गेले. लिहिलंत?"

"लिहिलं."

"आता मला सांगा," त्यांनी मान इन्स्पेक्टरकडे वळवली, "त्याला भेटायला मला कधी सोडतील?"

ताई उठून खिडकीशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. भावजींनी खिशातून स्वच्छ रुमाल काढला, पलंगाच्या कडेवर बसले आणि बाईंचे डोळे पुसू लागले.